ओळख, हक्क आणि वाटा : समकालीन सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञानात एक प्रवेश

समकालीन सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास बहुधा जॉन रॉल्स यांच्या 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यायसिद्धान्तावरील ग्रंथापासून सुरू होतो. त्यानंतर रॉबर्ट नोझिक यांनी 1974 मध्ये दिलेले उत्तर, 1980 नंतरची समुदायवाद्यांची टीका आणि 1990 नंतर ‘रेकग्निशन’ या संकल्पनेभोवती माजलेला वाद, अशी मांडणी होते. ही क्रमवारी चुकीची नाही. परंतु ती ज्या शब्दांच्या द्वारे मराठीत येते ते शब्द कोरे नाहीत, या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘राइट’ला हक्क म्हणावे की अधिकार, ‘डिस्ट्रिब्यूशन’ला वाटप म्हणावे की वाटणी, ‘रेकग्निशन’ला मान्यता म्हणावे की ओळख, हे प्रश्न एखाद्या परिभाषा समितीने एकदा निकालात काढले म्हणजे संपत नाहीत. या प्रत्येक शब्दाच्या पाठीशी गावगाड्याचा, धर्मशास्त्राचा आणि सरकारी कचेरीचा इतिहास उभा आहे. आणि विद्यार्थी परदेशी ग्रंथातील सिद्धान्त समजून घेत असताना हा इतिहास त्याच्या नकळत त्या सिद्धान्तात मिसळत असतो.

गेल्या अर्धशतकातील या वादाचा गाभा दोन प्रश्नांत सांगता येईल. समाजात कोणाला काय मिळावे, हा पहिला. आणि ज्यांच्यात हे ठरावयाचे त्यांच्यात कोणाची गणना व्हावी, हा दुसरा. दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटात नेहमीच दडलेला असतो, आणि तो उघड केल्यावाचून पहिल्याचे उत्तर मिळत नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे. त्यासाठी उदाहरणे नाशिक परिसरातील दोन ठिकाणांची घेतली आहेत. एक, गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीतील काळाराम मंदिराचा दरवाजा. आणि दुसरे, तेथून काही किलोमीटरांवर, त्र्यंबक रस्त्यावरील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे फाटक. दोन्ही ठिकाणी आत कोणी यावे हा प्रश्न आहे, आणि कोणत्या नात्याने यावे हाही.

प्रथम रॉल्स यांचे म्हणणे थोडक्यात पाहू जाता असे दिसते की, त्यांनी न्यायाची कल्पना एका काल्पनिक करारातून उभी केली. आपण श्रीमंत की गरीब, बुद्धिमान की मंद, कोणत्या धर्माचे वा वंशाचे, हे कोणालाच ठाऊक नाही अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून माणसांनी समाजाचे नियम ठरविले तर ते काय ठरवतील? रॉल्स यांच्या मते ते दोन तत्त्वे स्वीकारतील : सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये, आणि सामाजिक-आर्थिक विषमता क्षम्य ठरावयाची तर संधीची खरी समानता असावी व ती विषमता तळाच्या वर्गाला सर्वाधिक हितावह असावी. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक माणसाला आयुष्यात ज्या प्राथमिक वस्तू लागतात त्यांच्या यादीत रॉल्स यांनी स्वातंत्र्य, संधी आणि उत्पन्न यांच्या जोडीला आत्मसन्मानाचा सामाजिक आधार घातला, आणि तीच कदाचित सर्वांत महत्त्वाची वस्तू होय असेही म्हटले. परंतु वस्तू वाटता येते. सन्मान त्याच अर्थाने वाटता येतो काय? रॉल्स यांच्या टीकाकारांनी पुढे नेमके येथेच बोट ठेवले.

नोझिक यांनी वेगळाच मार्ग धरला. कोणाकडे किती आहे हे पाहून न्याय ठरत नाही. ते त्याच्याकडे कसे आले हे पाहून ठरतो. मूळ संपादन न्याय्य असेल आणि पुढचे हस्तांतर स्वेच्छेने झाले असेल तर परिणामी येणारी विषमता कितीही मोठी असो, ती न्याय्यच होय. मात्र मागे अन्याय झाला असेल तर त्याचे परिमार्जन केले पाहिजे. मराठी वाचकाला हा युक्तिवाद अपरिचित वाटण्याचे कारण नाही. वतनदाराचा युक्तिवाद बाह्यतः असाच होता : सनद आहे, वहिवाट आहे, म्हणून हक्क आहे. फरक इतकाच की, परिमार्जनाचे तिसरे कलम वतनाच्या कागदात नव्हते.

हा ‘हक्क’ शब्द मुळात अरबी. सत्य, न्याय्य आणि देय हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठ्यांच्या राज्यव्यवहारात तो ‘हक्क-लाजिमा’ अशा जोडीने आला आणि वतनाशी बांधला गेला. देशमुखाचे हक्क, पाटलाचे हक्क, बलुतेदाराचे हक्क अशी ती उतरंड होती. त्याच्याच शेजारी ‘मानपान’ होते. पोळ्याला कोणाचा बैल पुढे निघावा, होळीला पहिला मान कोणाचा, यांवरून गावोगाव तंटे होत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशील आले आहेत ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते : हक्क आणि मान हे या जगात अलग नव्हतेच. धान्याची पेंढी किती मिळावी आणि ती कोणत्या जागी उभे राहून घ्यावी, हे दोन्ही एकाच वतनाचे भाग होते.

महारवतन हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. महारांचे बावन्न हक्क परंपरेने सांगितले जातात. आधुनिक कानाला ‘बावन्न हक्क’ ही एखादी सनद वाटेल. वस्तुतः या हक्कांच्या बदल्यात संपूर्ण जातीवर रात्रंदिवस गावकी व सरकारकाम करण्याचे बंधन होते, आणि मोबदला गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच जाण होती. माणसाला स्वाभिमानाला मुकविणारा हक्क सोडून दिलेला बरा, हे तेव्हा ज्यांचा तो हक्क होता त्यांनाही पटविणे सोपे नव्हते. ही कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने अखेर रद्द झाली. ‘हक्क’ या शब्दाला सर्व माणसांना समान असलेले असे काही, हा अर्थ येण्यापूर्वी त्याला असा एक जन्म टाकावा लागला.

‘अधिकार’ शब्दाची अडचण निराळी आहे. मीमांसेत अधिकार म्हणजे कर्म करण्याची आणि त्याचे फळ भोगण्याची पात्रता. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाला वाहिलेला असून शूद्राला वैदिक कर्माचा अधिकार नाही हा निर्णय तेथेच येतो. म्हणजे अधिकार हा पात्रतेमागून येतो आणि पात्रता जन्मावर ठरते. ‘अधिकारभेद’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आधुनिक मराठीत याच शब्दाला पदाची सत्ता हा अर्थ चिकटला. ‘अधिकारी’ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे हक्कदार येत नाही, साहेब येतो. हिंदीने संविधानातील तिसऱ्या भागासाठी ‘मूल अधिकार’ हा शब्द घेतला, मराठीने ‘मूलभूत हक्क’ घेतला. हा निर्णय ज्यांनी केला त्यांचे कारण काहीही असो, तो चांगला झाला. पुढे मात्र सुसंगती राहिली नाही. 2005 च्या कायद्याला मराठीत ‘माहितीचा अधिकार’ म्हणतात, तर राज्याच्या 2015 च्या कायद्याच्या नावात ‘लोकसेवा हक्क’ आहे. आणि 1977 च्या रोजगार कायद्यात, ज्याने मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्यात आणले, या दोहोंऐवजी ‘हमी’ आहे. हमी देणाऱ्याची असते, हक्क घेणाऱ्याचा असतो, एवढा सूक्ष्म भेद मजूर स्त्रियांच्या बोलण्यातही आढळेल.

आता तिसरा शब्द. चार्ल्स टेलर यांचा 1992 मधील निबंध आणि त्याच वर्षी जर्मनीत प्रसिद्ध झालेला अॅक्सेल होनेथ यांचा ग्रंथ, यांनी ‘रेकग्निशन’ची संकल्पना हेगेलकडून पुन्हा चर्चेत आणली. होनेथ यांच्या मते माणसाचे स्वत्व इतरांच्या दृष्टीतून घडते. जिव्हाळा, कायद्यातील समान स्थान आणि समाजातील कदर या तीन रूपांनी ते घडते. आणि यांपैकी एखादे नाकारले गेले म्हणजे जो अपमान होतो तोच सामाजिक लढ्यांचे मूळ होय. पॉल रिकर यांनी 2004 मध्ये याच संकल्पनेवर ग्रंथ लिहिताना प्रारंभ तत्त्वज्ञांपासून न करता फ्रेंच शब्दकोशांपासून केला, ही गोष्ट भाषाभ्यासकाला सुखावणारी आहे. मराठी कोशही येथे असाच उपयोगी पडतो. ‘ओळख’ हा ‘लक्ष’शी नाते सांगणारा शब्द परिचय, खूण, पूर्वी पाहिलेले पुन्हा जाणणे आणि अलीकडे ‘आयडेंटिटी’ या सर्व अर्थांनी चालतो. ‘मान्यता’ आणि ‘मान’ हे मन् धातूचे. एखाद्याला काहीतरी समजणे, गणणे, ही मूळ क्रिया. मान देणे म्हणजे कोणीतरी म्हणून गणणे. ओळख असून मान नसणे शक्य आहे, इतकेच नव्हे तर जातिव्यवस्थेत ओळख पटणे हेच मान नाकारण्याचे साधन होते. गावच्या वेशीत शिरताना ज्याची ओळख लगेच पटे त्यालाच दूर उभे राहावे लागे. ‘रेकग्निशन’चे भाषांतर केवळ ‘ओळख’ असे केल्यास होनेथ यांचा सिद्धान्त मराठीत उलटा वाचला जाण्याचा संभव आहे. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ या नियतकालिकांच्या नावांत ओळखीची वाण नाही, गणनेची आहे. गोपाळ गुरू यांनी अवमानविषयक विवेचन 2009 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात पुढे नेले, तेही याच वाटेने.

होनेथ यांचा हा सिद्धान्त नॅन्सी फ्रेझर यांना पुरेसा वाटला नाही. 1995 मधील एका प्रसिद्ध निबंधात त्यांनी असा भेद केला की, काही अन्याय आर्थिक रचनेतून येतात आणि त्यांवर उपाय फेरवाटणीचा. काही अन्याय प्रतिष्ठेच्या सांस्कृतिक उतरंडीतून येतात आणि त्यांवर उपाय मान्यतेचा. वंश आणि लिंग यांच्यासारख्या बाबतींत दोन्ही एकत्र येतात आणि उपाय एकमेकांच्या आड येण्याचाही धोका असतो. होनेथ यांचे उत्तर असे की, मजुरीवरील भांडणसुद्धा शेवटी आपल्या श्रमाची कदर व्हावी यासाठीच असते. म्हणून मान्यता हीच मूळ संकल्पना होय. दोघांचा हा वाद 2003 मध्ये पुस्तकरूपाने आला. फ्रेझर यांनी न्यायाची कसोटी म्हणून ‘सहभागातील समकक्षता’ सुचविली, आणि नंतर प्रतिनिधित्वाचे तिसरे अंगही जोडले.

हा वाद नाशिकच्या दाखल्याने तपासून पाहण्याजोगा आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. नेतृत्व आंबेडकरांचे, स्थानिक धुरा भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या खांद्यावर होती. मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या, त्यांत स्त्रियाही होत्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह थांबत-सुरू होत काही वर्षे चालला, आणि दरवाजा उघडला नाही. वरवर पाहता हा केवळ मान्यतेचा लढा होय. त्यात जमीन नव्हती, मजुरी नव्हती; देवदर्शन होते. परंतु आंबेडकरांनी 3 मार्च 1934 रोजी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील या समजुतीने ही चळवळ केली नव्हती. आपल्या स्थितीची जाणीव त्यांच्यात जागविण्याचा तो सर्वोत्तम मार्ग वाटला, म्हणून केली. आणि ते काम झाले असल्याने आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली.

येथे होनेथ यांच्या सिद्धान्ताला एक दुरुस्ती सुचते. मान्यता मागावयाची ती कोणाकडून? येवल्याची घोषणा म्हणजे मान्यता देणाऱ्याचाच अधिकार नाकारणे होय. जो मान देण्याच्या जागी बसला आहे त्याने ती जागा कशी मिळविली, हा प्रश्न हेगेलच्या धनी-दास प्रकरणात सूचित होता; येवल्यात तो हजारो माणसांसमोर उघड विचारला गेला. दरवाजा पुढे कायद्याने उघडला. मुंबई प्रांताने 1947 मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा केला, 1950 मध्ये संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, 1956 मध्ये राज्याने पुन्हा व्यापक कायदा केला. तोपर्यंत त्या दरवाजापुढे बसलेल्यांपैकी अनेकांना आत जाण्याचे प्रयोजनच उरले नव्हते.

गायकवाडांचे पुढील चरित्र या दृष्टीने फार बोधक आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात ते क्वचितच येते, ही खेदाची गोष्ट. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी 1902 मध्ये जन्मलेले हे गृहस्थ 1957 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. मंदिराच्या दारात बसलेला हाच माणूस 1959 मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या अग्रभागी होता. डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर जो सत्याग्रह केला त्याचेही नेतृत्व त्यांच्याकडे होते. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमिनींचे भूमिहीनांना वाटप, किमान वेतन, धान्याच्या किमतींवर नियंत्रण, धर्मांतरित बौद्धांना सवलती, अशा मागण्या त्या सनदेत होत्या; आणि त्यांच्याच बरोबरीने, किंबहुना सर्वांआधी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात आंबेडकरांचे तैलचित्र लावावे ही मागणी होती. जमिनीच्या मागणीपत्रात तैलचित्राची मागणी कशाला, असे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला वाटेल. फ्रेझर यांच्या कोष्टकात ती दोन मागणीपत्रे झाली असती. ज्यांनी ती सनद लिहिली त्यांना तसे वाटले नाही. पडीक जमीन मागणारा माणूस याचक म्हणून उभा राहणार की संविधान लिहिणाऱ्याचा वारस म्हणून, हे त्या तैलचित्राने ठरणार होते. ते तैलचित्र 1990 मध्ये लागले. जमिनीच्या मागणीचे काय झाले हा स्वतंत्र आणि फारसा समाधानकारक नसलेला विषय आहे.

मराठीतील ‘वाट्’चा परिवार येथे कामास येतो. वाटप वरून होते. त्याला वाटणारा लागतो, आणि घेणारा रांगेत असतो. वाटणी भावाभावांत होते. तेथे सगळेच हिस्सेदार असतात. आणि ‘वाटा’ मागता येतो, तो न मिळाल्यास भांडता येते. रॉल्स यांच्या करारातील माणसे वस्तुतः वाटणीस बसली आहेत. परंतु मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांच्या सिद्धान्ताला ‘वितरणात्मक न्याय’ म्हटल्यामुळे तो शिधावाटपाच्या दुकानासारखा भासतो. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा दिला तो याच भेदाशी निगडित होता : मत एकेकाचे एक, परंतु वाटणीच्या पंगतीत सर्वांना जागा नाही.

तेथून सातपूरच्या फाटकापाशी यावयाचे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सातपूरला वसाहत उभारली आणि त्र्यंबक रस्त्यावरचे हे गाव नाशिकच्या कारखानदारीचे केंद्र बनले. मंदिराच्या दारात जात विचारली जाई. येथे विचारला जातो तो वेगळा शब्द : ‘परमनंट की ठेक्यावर?’ पाळी सुटताना एकाच फाटकातून बाहेर पडणारी, एकाच यंत्रावर काम केलेली दोन माणसे या एका शब्दाने दोन कोटींत जातात. एकाचा मालक कारखाना, दुसऱ्याचा ठेकेदार. घर भाड्याने घेताना, कर्ज काढताना, सोयरीक जुळविताना हा शब्द आधी विचारला जातो. याची तुलना जातीशी सरसकट करणे चूक ठरेल. ठेक्यावरचा कामगार उद्या परमनंट होऊ शकतो. तथापि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने प्रश्नाची घडण तीच आहे.

महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याच्या नावातच ‘कामगार संघटनांना मान्यता’ हे शब्द आहेत. ज्या संघटनेकडे उपक्रमातील किमान 30 टक्के कामगारांचे सभासदत्व सहा महिने सलग असेल तिला मान्यतेसाठी अर्ज करता यावा, आणि मान्यता मिळाल्यावर सर्वांच्या वतीने वाटाघाटी तिने कराव्यात, अशी त्याची योजना. होनेथ यांच्या ग्रंथाच्या वीस वर्षे आधी ‘मान्यता’ हा शब्द नाशिकच्या कामगारांच्या तोंडी होता, आणि त्याचा अर्थ बोलणी करण्याच्या मेजापाशी खुर्ची असा ठोस होता. सहभागातील समकक्षता म्हणतात ती हीच. परंतु 30 टक्के कशाचे? त्या उपक्रमाच्या कामगारांचे. ठेक्यावरचा त्यात मोजला जावा काय, येथे गाडी अडते.

वाट्याच्या दृष्टीने कायदा त्याला विसरला नव्हता. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांत तशाच कामाला तशीच मजुरी हे तत्त्व घातले होते. म्हणजे वाटा समान, गणना वेगळी, अशी ही स्थिती. आणि वाट्यासाठी दाद मागावयाची तर गणना आधी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ‘सिप्ला’ आणि ‘कल्याणी स्टील्स’ यांच्या प्रकरणांत असा निर्णय दिला की, मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर 1971 च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार चालणार नाही. ते नाते आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध व्हावयास हवे. त्याच वर्षी पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात घटनापीठाने ठरविले की, एखाद्या कामावर कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून तेथील कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होत नाहीत. सातपूरच्या ठेक्यावरच्या कामगाराची तक्रार हातात घेतल्यावर वकील म्हणून पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा नसतो. हजेरीपत्रकावर नाव कोणाच्या खाली आहे, हा असतो.